सावलीतील भुईचाफा : लागवड आणि जतन

शाळेचे आवार असो, पंचायतीचे कार्यालय असो वा शासकीय निवासस्थानाचे परस असो. आंब्या-फणसाखालची जागा बहुधा ओसाडच राहते. गुलाब, शेवंती, झेंडू ही उन्हाची फुले. सावलीत ती नीट फुलत नाहीत. त्यामुळे झाडाखाली काही येत नाही, असा समज रूढ झाला आहे. तो किती चुकीचा आहे, हे दाखवून देणारी एक देशी बहुवर्षायू वनस्पती म्हणजे भुईचाफा होय.

नाव चाफ्याचे असले तरी चाफ्याच्या वृक्षाशी त्याचे नाते नाही. हळद आणि आले यांच्या कुळातील ही कंदवर्गीय वनस्पती आहे. संस्कृतात तिला भूमिचंपक म्हणतात. लिनियस या शास्त्रज्ञाने 1753 मध्ये तिला ‘कॅम्फेरिया रोटुंडा’ हे नाव दिले. त्यातील पहिला शब्द एंगेलबर्ट कॅम्फर या जर्मन वैद्य व प्रवाशाच्या स्मरणार्थ आहे.

भुईचाफ्याचे वैशिष्ट्य असे की, त्याची फुले पानांच्या आधी येतात. फाल्गुन ते वैशाख या काळात, झाडाचा मागमूसही नसताना, कोरड्या जमिनीतून थेट फुलांचे झुबके वर येतात. पांढऱ्या पाकळ्या, त्यांत जांभळी दुभंगलेली पाकळी आणि मंद सुगंध असे त्यांचे रूप असते. एक फूल फार काळ टिकत नाही; परंतु झुबक्यातील फुले एकामागून एक उमलत असल्याने बहर काही दिवस चालू राहतो. पावसाळ्यात सुमारे दीड ते दोन फूट उंचीची पाने येतात. ती वरून हिरव्या छटांनी चित्रित आणि खालून जांभळट असतात. हिवाळ्याच्या सुरुवातीस ती पिवळी पडून सुकतात व कंद जमिनीत विश्रांती घेतो.

लागवडीसाठी सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी जागा निवडावी. कडक उन्हात पाने करपतात. जमीन भुसभुशीत व निचऱ्याची असावी. चिकण माती असल्यास तीत वाळू, कुजलेला पालापाचोळा आणि चांगले मुरलेले शेणखत मिसळावे. माघाच्या अखेरीस जुना गड्डा अलगद काढून त्याचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्यास निदान एक डोळा आणि मुळांच्या टोकांची काही गाठाळ कंदके असणे आवश्यक आहे. तुकडे एक-दोन दिवस सावलीत सुकवून दोन इंच खोल व एकमेकांपासून सुमारे एक फूट अंतरावर लावावेत.

पाने हिरवी असेपर्यंत ओल राखावी. मात्र पाणी साचू देऊ नये. साचलेल्या पाण्याने कंद कुजतो. पाने सुकू लागताच पाणी कमी करत जावे आणि विश्रांतीच्या काळात ते बंद ठेवावे. वाफ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन असू द्यावे.

या वनस्पतीला खरा धोका विस्मरणाचा आहे. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एक उदाहरण बोलके आहे. एका कार्यालयाच्या आवारात जांभळीखाली भुईचाफ्याचा जुना वाफा होता. त्याची निगा राखणारे शिपाई सेवानिवृत्त झाले. पुढील पौषात आवाराच्या स्वच्छतेच्या वेळी ती जागा रिकामी समजून खणण्यात आली व तीवर मुरूम पसरण्यात आला. चैत्रात तेथे एकही फूल आले नाही. यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. तेथे काही आहे, हे सांगणारी पाटी वा नोंद तेवढी नव्हती.

म्हणूनच लावलेल्या वाफ्याभोवती दगडांची कड करावी, नावाची पाटी लावावी आणि आवाराच्या नोंदवहीत जागा लिहून ठेवावी. 2002 च्या जैविक विविधता अधिनियमानुसार स्थानिक संस्थांच्या स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समित्यांची तरतूद आहे. लोकांच्या सल्ल्याने जैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समित्यांचे एक प्रमुख काम होय. आपल्या गावात भुईचाफा कोणाच्या परसात आहे, त्याला स्थानिक नाव कोणते, त्याचे उपयोग कोण जाणतो, याची विचारपूस शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी केल्यास त्या नोंदवहीत मोलाची भर पडेल. रानातील कंद मात्र उपटून आणू नयेत. ज्याच्या परसात गड्डा वाढला आहे, त्याच्याकडून एक तुकडा मागून घ्यावा. त्याने देणाऱ्याचे काही उणे होत नाही. तसेच कंदाचा औषध म्हणून वापर जाणत्या वैद्याच्या सल्ल्याविना करू नये.

एका आवारातून दुसऱ्या आवारात असा कंद जात राहिला आणि त्याबरोबर त्याची माहितीही जात राहिली, तर झाडाखालची ओसाड जागा दर चैत्रात फुलेल. पौषात ती रिकामी दिसली, तरी कुदळ उचलण्यापूर्वी कोणीतरी पाटी वाचेल.