रस्ता कोणासाठी? कुरितिबाचा धडा आणि आपले इंदूर



एका रस्त्यावरून तासाभरात किती वाहने गेली हे मोजावे, की किती माणसे गेली हे मोजावे? प्रश्न साधा आहे, पण सगळ्या शहराची रचना त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. एक गणित करून पाहू. ४० माणसे एकेकटी मोटारीत बसून निघाली तर मोटारी लागतात ४०. प्रत्येकीची लांबी ४ मीटर धरली, तरी त्यांची रांग होते १६० मीटर. तीच माणसे एका बसमध्ये बसली तर जागा लागते सुमारे १२ मीटर. म्हणजे रस्ता अपुरा पडतो तो माणसांच्या संख्येमुळे कमी आणि त्यांच्या जाण्याच्या पद्धतीमुळे जास्त.

हे गणित प्रत्यक्षात उतरवणारे शहर म्हणून दक्षिण ब्राझीलमधील कुरितिबाचे नाव जगभर घेतले जाते. या शहराचा विकास आराखडा १९६६ साली तयार झाला होता. परंतु आराखडा कागदावर असणे वेगळे आणि रस्त्यावर उतरणे वेगळे. १९७१ मध्ये जाइमे लेर्नर हे वास्तुविशारद महापौर झाले. १९७२ साली त्यांनी मुख्य बाजारपेठेतील 'पंधरा नोव्हेंबर' नावाचा रस्ता मोटारींसाठी बंद करून पादचाऱ्यांना देण्याचे ठरविले. गिऱ्हाईक येणार नाही, या भीतीने दुकानदारांचा विरोध होता. तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू करून शनिवार-रविवारच्या सुटीत पहिला टप्पा उरकण्यात आला. लोकांनी बदल डोळ्यांनी पाहिला, पायांनी अनुभवला, आणि विरोध मावळत गेला. काही मोटारवाल्यांनी रस्त्यात गाड्या घालण्याचा इरादा केला, तेव्हा तेथे लांबच लांब कागद पसरून लहान मुलांना चित्रे काढायला बसविले होते!

पुढचे पाऊल बसचे. १९७४ पासून मुख्य रस्त्यांच्या मधोमध बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाल्या. या मार्गांच्या कडेलाच उंच इमारतींना परवानगी दिली गेली, म्हणजे जिथे वस्ती दाट तिथे बस जवळ. १९९१ मध्ये नळीच्या आकाराचे थांबे आले. तिकीट आधीच काढायचे आणि बसच्या पातळीवरूनच आत शिरायचे, त्यामुळे चढ-उतारात वेळ जात नाही. मेट्रोचे बरेचसे गुण कमी खर्चात मिळाले. बोगोटाने २००० मध्ये आणि आपल्या अहमदाबादने २००९ मध्ये याच धर्तीवर बससेवा सुरू केली.

इंदूरमध्येही १० मे २०१३ रोजी ए. बी. रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा अशी सुमारे साडेअकरा किलोमीटरची बी.आर.टी.एस. सुरू झाली. रोज हजारो प्रवासी, त्यांत कितीतरी विद्यार्थी, तिचा लाभ घेत. पण शेजारी मोटारी खोळंबल्या असताना बसची मार्गिका रिकामी दिसते, ही तक्रार कायम राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती हटविण्याचे काम सुरू झाले. ३१ मे २०२५ रोजी मेट्रोचा पहिला, सुमारे सहा किलोमीटरचा टप्पा सुरू झाला.

यातून काय शिकायचे? आमच्या मते, एकटी मार्गिका, एकटा पूल किंवा एकटी मेट्रो शहराला तारू शकत नाही. घरापासून थांब्यापर्यंत चालता येईल असा फुटपाथ, सुरक्षित सायकल, वेळेवर येणारी बस आणि लोकांचा विश्वास, ही साखळी आहे. एक कडी तुटली की माणूस पुन्हा आपल्या गाडीकडे वळतो. स्वतः कुरितिबाही या कोड्यातून सुटलेले नाही. तेथेही पुढे मोटारी पुष्कळ वाढल्या. सुधारणा एकदा करून भागत नाही, ती जपावी लागते.

पालक व विश्वस्त मंडळींना एक विनंती. कुरितिबाप्रमाणे आपणही छोटा प्रयोग करून पाहू. पंधरा दिवस शाळा सुटताना गाड्या फाटकापासून दोनशे मीटर दूर थांबवाव्यात. मुले शिक्षकांसोबत रांगेने तेथवर येतील. ऊन-पावसाची आणि लहान मुलांची काळजी पालकांना वाटणार, ती रास्तच आहे. म्हणून आधी वरच्या वर्गांपासून सुरुवात करू. सोय वाटली नाही तर प्रयोग थांबविता येईल. पण न करताच 'जमणार नाही' असे म्हणू नये.

स्वाध्याय :
१) एका दिवशी शाळा भरताना फाटकाशी उभे राहून पायी, सायकल, बस, व्हॅन, ऑटो, दुचाकी व मोटार यांनी किती मुले आली ते मोजा आणि तक्ता करा.
२) एका मोटारीतून सरासरी किती मुले उतरली?
३) आपल्या घरापासून जवळच्या बस थांब्यापर्यंत चालत जा. वाटेत फुटपाथ कोठे तुटतो, ते नकाशात दाखवा.

तक्ते वर्गशिक्षकांकडे द्यावेत. विश्वस्तांच्या बैठकीत आम्ही तेच मांडणार आहोत.