आधी कालनिर्णय उघड, मग तिकीट काढ

पोरी, तू आणि नातजावई पहिल्यांदाच भारतात येताय. आग्रा-जयपूरच्या रांगा नकोत, शांत मुलूख दाखव म्हणालात, याचा मला फार आनंद झाला. सोलापूरजवळ आपल्या होटगीला या. फक्त निघण्याआधी आजीचं चार गोष्टींत ऐका.

पहिलं काम, भिंतीवरचं कालनिर्णय काढून बस. इकडची गर्दी इंग्रजी तारखा पाहत नाही, ती तिथी-वार पाहून येते. पंढरपूरला एकादशीच्या आसपास जायचंच नाही. अक्कलकोटला गुरुवार आणि पौर्णिमा सोडून कुठलाही दिवस धर. विजापूरचा गोल घुमट डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींनी भरून जातो. वरच्या सज्जात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की पलीकडच्याला ऐकू येतं, पण पोरांचा आरडाओरडा सुरू झाला की ती मजा गेली. म्हणून दार उघडताच आत शिरायचं. तिकडे जायला होटगी जंक्शनवरूनच रेल्वे फुटते.

एक गर्दी मात्र मुद्दाम गाठ. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. सात नंदीध्वज खांद्यावर घेऊन भाविक शहरातल्या ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालतात. नंदीध्वजाची उंच काठी पेलणारं माणसांचं बळ नातजावयांनी डोळ्यांनी पाहावं अशी माझी फार इच्छा आहे. त्याच दिवसांत शेतात हुरडाही असतो. मार्चनंतर मात्र येऊ नका. इकडचं ऊन तुम्हाला सोसायचं नाही.

आता कागदपत्रं, कारण माणसं अडतात ती इथंच. तुझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, नातजावयांना ई-व्हिसा काढावा लागेल. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर भरा, ज्याचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. हुबेहूब तसली दिसणारी दुसरी ठिकाणं उगाच जास्तीचे पैसे उकळतात. दुसरं, परदेशी पासपोर्टवाला पाहुणा मुक्कामाला आला की यजमानाने २४ तासांत ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, त्याला लोक ‘सी फॉर्म’ म्हणतात. लहान गावातल्या बऱ्याच लॉजवाल्यांना ही भानगड नको असते, मग ते खोली रिकामी असूनही नाही म्हणतात. म्हणून खोली ठरवण्याआधी फोन करून सरळ विचार, “परदेशी पाहुणा आहे, सी फॉर्म भराल ना?” आपल्या घरी राहिलात तरी तो भरावा लागतोच, तेव्हा पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती आधीच पाठव.

मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस घ्या, सकाळी सोलापूर. दुपारी निघून रात्री पोहोचायचं तर वंदे भारत आहे. होटगीला थांबणारी गाडी शोधत बसू नका. सोलापूरला उतरा, तुमचा मामा गाडी घेऊन येईल. मुक्काम एकच ठेवा आणि इथून सकाळी निघून संध्याकाळी परत या. रोज बॅग भरणाऱ्याला गाव दिसत नाही, नुसते रस्ते दिसतात.

बघायचं म्हणशील तर सगळ्यात आधी हत्तरसंग कुडल. भीमा-सीनेच्या संगमावरची ही देवळं. तिथं एकाच शिवलिंगावर ३५९ मुखं कोरलेली आहेत, आणि शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. आपली भाषा हजार वर्षांपूर्वी ज्या दगडावर उमटली, त्याच्यासमोर तू उभी राहावीस हे माझ्या मनात कधीचं आहे. जवळपास जेवायची सोय धरून चालू नका. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पाणी बरोबर बांधून देईन. नान्नजच्या माळावर माळढोक दिसेल या आशेने जाऊ नका, तो आता फारच दुर्मीळ झालाय. काळवीट मात्र पाहा, पहाटे. नळदुर्गचा पाणीमहाल पाऊस संपता संपता खरा शोभतो, पण तुमच्या दिवसांतही बोरी नदीवरचा तो बांध बघण्यासारखा आहे.

दहा, वीस, पन्नासच्या नोटा जवळ ठेवा. टपरीवर फोनवरून पैसे घेतात, पण परदेशी कार्ड चालत नाही. दारात बसून बिडी वळणाऱ्या बाईचा फोटो काढण्याआधी तिच्याशी बोला. हो म्हणाली तरच काढा. आपल्या गावात निम्मी घरं कानडी बोलतात. कुणी “बर्री” म्हटलं की आत या म्हणतायत असं समज, चप्पल बाहेर काढ आणि चहाला नाही म्हणू नकोस.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं आणि यात्रेच्या दिवसांतल्या जागा लवकर संपतात. तेव्हा विमानाची तारीख पक्की करण्याआधी मला फोन कर. यंदा ज्वारी कधी पेरली ते मामाला विचारून हुरडा कधी येईल ते सांगते.