केशरी लघवी, बांगडा आणि ती छोटी गोळी

ऐक गं, टीबी निघाला म्हणून तोंड लपवून बसू नकोस. भिवंडीतल्या दाटीवाटीच्या खोल्यांत तो कुणालाही गाठतो. सहा महिने गोळ्या चुकवायच्या नाहीत, बस्स. लघवी केशरी झाली तर घाबरू नकोस, रक्त नाही ते. या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिनचा रंग आहे; घाम आणि डोळ्यांतलं पाणीही तसंच होतं.

गोळ्या उपाशीपोटी घ्यायला सांगतात, कारण भरल्या पोटी त्या रक्तात कमी उतरतात. मळमळलं की अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध लगेच तोंडाला लावू नकोस, त्यातलं अ‍ॅल्युमिनियम गोळ्यांतल्या आयसोनियाझिडच्या आड येतं. डॉक्टरांना विचार, ते वेळ ठरवून देतील.

आता ती छोटीशी बी-६ची गोळी. 'ही काय, नुसती ताकदीची' म्हणून तू ती डब्यातच ठेवशील, ओळखते मी तुला! अगं, आयसोनियाझिड अंगातलं बी-६ धरून लघवीवाटे बाहेर काढतं. नसांना तर तेच लागतं. ते आटलं की तळपायांची आग होते, मुंग्या येतात. रोजचे १० मिलिग्रॅम सहसा पुरतात. मनाने जास्त घेऊ नकोस, फार झालं तर त्यानेच नसा बिघडतात.

तीनबत्तीच्या बाजारातून बांगडा आणतेस ना? या गोळ्यांवर तो, विशेषतः उन्हात राहिलेला, खाल्ला की काहींचा चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते. माशातलं हिस्टामिन मोडायचं काम आयसोनियाझिड अडवतं. सध्या अंडी, डाळ, शेंगदाणे खा. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपयांच्या हिशेबाने पैसे खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते), ते खाण्यावरच घाल, भिशीत नको.

रक्त कमी आहे म्हणून लाल गोळी दिली असेल तर ती चहासोबत नको. चहा तासाभराने. लिंबूपाण्यासोबत घेतलीस तर उत्तम.

आणि एक, कानात सांगते. पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतेस ना? रिफाम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं की त्या गोळ्या लवकर मोडतात आणि भरवशाच्या राहत नाहीत. औषध संपल्यावरही महिनाभर ही गडबड चालते. तांबी चालते, तिच्यावर परिणाम होत नाही. लाजू नकोस, उद्याच डॉक्टरबाईंना विचार. हवं तर मी येते सोबत.