जादा डोस झाला तर खर्च किती आणि कायद्याचा आधार किती?

नशेच्या पदार्थाचा किंवा गोळ्यांचा जादा डोस झाला की घरच्यांना दोन धास्ती असतात: बिलाची आणि पोलिसांची. जुन्नर-आंबेगावकरांसाठी दोन्हींचा हिशेब असा.

रुग्णवाहिका: १०८ ला फोन करा. पैसे लागत नाहीत.

सरकारी रुग्णालय: मंचरचं उपजिल्हा रुग्णालय आणि जुन्नर, नारायणगाव, घोडेगावची ग्रामीण रुग्णालयं जवळची. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पुण्यात ससूनला पाठवलं तर ते वैद्यकीय शिक्षण विभागाचं असल्याने तिथलं शुल्क विचारून घ्या.

खासगी रुग्णालय: दरपत्रक दर्शनी भागात हवं. मात्र 'आधी पोलीस, मग उपचार' असं कुणीही म्हणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलं आहे.

पोलीस नोंद: रुग्णालय 'एमएलसी' (वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करून पोलिसांना कळवतं. एवढ्याने कुणी आरोपी होत नाही. या नोंदीसाठी कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत विभागाला १०६४ वर कळवा.

रुग्णाला संरक्षण: अमली पदार्थ सेवन हा एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ खाली गुन्हा आहे. हेरॉइन, कोकेनसाठी एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण व्यसनी व्यक्तीने सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घेतले, तर कलम ६४-अ नुसार सेवन व अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढून घेता येते. विक्री करणाऱ्याला ती नाही. म्हणून केंद्रात भरती करण्याआधी शुल्काबरोबर सरकारी मान्यताही विचारा. जीव देण्याच्या हेतूने गोळ्या घेतल्या असतील, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ शिक्षेपासून वाचवतं.

मदत करणाऱ्याला: रस्ते अपघातात मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चं कवच आहे, ओव्हरडोससाठी तसा स्वतंत्र कायदा भारतात नाही. तरीही रुग्णाला दवाखान्यात पोचवणं हा गुन्हा नाही.

गाडी येईपर्यंत: बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवा. मिठाचं पाणी, ताक पाजू नका. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा, रिकामं पाकीट दाखवा. हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांवर नॅलॉक्झोनचा उतारा आहे, पण वेळेत पोचलात तरच.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आधारासाठी १४४१६, दोन्ही मोफत. वकिलाला नंतर विचारा, आधी १०८ लावा.