महामार्गावरील वेग : चालक आणि वाहन

अकोल्याहून नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ हिंगोली जिल्ह्यात कनेरगाव नाका, हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर असा जातो. चौपदरीकरणाने या मार्गाचे रूप पालटले. त्यावरील वाहने मात्र एका जातीची नाहीत. मोटारगाडी, मालट्रक, एस. टी. आणि मोटारसायकल यांच्या जोडीला हळदीची पोती वा ऊस भरलेला ट्रॅक्टरही याच मार्गाने जातो. अपघाताचे बीज पुष्कळदा वेगापेक्षा वेगांतील या तफावतीत असते.

२०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी मार्गावर मोटारीस ताशी १०० व मालवाहू वाहनास ताशी ८० किलोमीटरची कमाल मर्यादा ठरविण्यात आली. ट्रॅक्टर ताशी २५-३० ने चालतो. म्हणजे २०० मीटर पुढे असलेली ट्रॉली मोटारचालकाच्या पुढ्यात अवघ्या १० सेकंदांत येते.

चालकाच्या प्रतिसादासाठी इंडियन रोड्स काँग्रेसने अडीच सेकंद गृहीत धरले आहेत. ताशी ८० च्या वेगात तेवढ्या अवधीत वाहन सुमारे ५५ मीटर पुढे जाते आणि ते थांबण्यास एकूण १२० मीटर लागतात. ताशी १०० ला हेच अंतर १८० मीटर होते. वेग पाव पटीने वाढला, अंतर मात्र दीडपट झाले! ही गणिते सावध चालकाची आहेत. झोप, थकवा वा मद्य यांनी प्रतिसाद लांबतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने चालकाचे काम दिवसाला ८ तासांवर मर्यादित केले. पण तो पाच वा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांपुरता होता. स्वतःचा एकच ट्रक चालविणारा मालक-चालक, ज्याला हप्त्याची घाई सर्वांत अधिक, तो त्या चौकटीबाहेरच राहिला.

वाहनाचा गुणही वर्तन घडवितो. बंदिस्त, आवाजरहित मोटारीत वेग जाणवत नाही, म्हणून तो नकळत वाढतो. रात्री दिव्याचा जवळचा झोत १२० मीटर सहसा पोचत नाही. अशा वेळी मागचा दिवा नसलेली ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. गाळप हंगामापूर्वी ट्रॉल्यांवर परावर्तक पट्ट्या लावून घेणे ग्रामपंचायतींना अल्प खर्चात साधण्यासारखे आहे.

उलट दिशेने येणाऱ्या मोटारसायकलींचा प्रश्न मात्र पट्ट्यांनी सुटत नाही. गाव एका बाजूस, शेत दुसऱ्या बाजूस आणि दुभाजकातील वळण दूर, अशी स्थिती असता केवळ दंडाने हे वर्तन बदलणे कठीण आहे. तेथे वळणाची वा भुयारी मार्गाची मागणी ग्रामसभेने ठरावाद्वारे महामार्ग यंत्रणेकडे करावी लागेल.