वाऱ्यासारखं मन आणि पंचवीस उड्या

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 6, श्लोक 34 आणि 35



आजच्या दोन श्लोकांत अर्जुन एक प्रामाणिक तक्रार करतो. मन फार चंचल आहे, दांडगं आहे, त्याला धरणं म्हणजे वाऱ्याला मुठीत पकडण्यासारखं आहे, असं तो म्हणतो. भगवंत त्याला खोडून काढत नाहीत. कठीण आहे हे मान्य करतात आणि दोन साधनं सांगतात : अभ्यास आणि वैराग्य.

अभ्यास मला पूर्वीपासून कळत होता. आम्ही इंजिनियर लोक, रट्टा मारूनच पास झालो. वैराग्य मात्र साधू-संन्याशांसाठी आहे, असंच वाटायचं. त्याचा अर्थ कळला तो टेक्सासमध्ये, विमानातून उडी मारायला शिकताना.

मी हे शिकतोय म्हटल्यावर फोनवर आई म्हणाली, "पगार जमिनीवर मिळतो ना? मग वर कशाला जायचं?" मी पुण्याच्या शीतल महाजन यांचं नाव सांगितलं. नऊवारी नेसून उडी मारली त्यांनी, पद्मश्री आहेत. आई म्हणाली, "त्यांच्या आईला विचार, झोप लागते का."

अमेरिकेत एकट्याने उडी मारायचा पहिला परवाना म्हणजे 'ए' लायसन्स. त्यासाठी किमान 25 उड्या लागतात. शिवाय पॅराशूट स्वतः घडी घालता यायला हवं, लेखी आणि तोंडी परीक्षा असते, आणि शेवटी परीक्षकाबरोबर एक उडी. सुरुवात होते दिवसभराच्या वर्गाने. छताला टांगलेल्या पट्ट्यांत लोंबकळत एकच गोष्ट शंभरदा करायची : पॅराशूट नीट उघडलं नाही तर काय? उजवीकडची लाल मूठ बघा, धरा. डावीकडची चंदेरी मूठ बघा, धरा. लाल ओढा, चंदेरी ओढा. लाल मुठीने बिघडलेलं मुख्य पॅराशूट सुटून जातं आणि चंदेरीने राखीव पॅराशूट उघडतं.

पहिल्या उडीला दोन्ही बाजूंनी दोन प्रशिक्षक धरून असतात. विमान साधारण 13,000 फुटांवर. दार उघडलं की वारा आत घुसतो आणि अर्जुनाची उपमा अंगावर येते. मग सुमारे ताशी 190 किलोमीटर वेगाने आपण खाली येतो, म्हणजे साधारण साडेपाच सेकंदांत हजार फूट. मनगटावर अल्टिमीटर असतो. विद्यार्थ्याने 5,500 फुटांवर पॅराशूट उघडायचं असतं.

तिसऱ्या पातळीला मी नापास झालो. प्रशिक्षकांनी मला हवेत सोडलं आणि माझं अंग गोल फिरायला लागलं. ते सरळ करण्याच्या नादात मी मनगटाकडे पाहिलंच नाही. प्रशिक्षकाने बोटाने 'ओढ' अशी खूण केली, तीही दिसली नाही. शेवटी त्यानेच माझं पॅराशूट उघडलं. खाली आल्यावर त्याने एवढंच विचारलं, "उंची किती होती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो रागावला नाही, तेच जास्त लागलं. मी दीड महिना तिकडे फिरकलो नाही.

त्या दीड महिन्यात लक्षात आलं की मला भीतीने नापास केलं नव्हतं. एका गोष्टीला चिकटून बसण्याने केलं होतं. फिरणं थांबवण्यात मी इतका गुंतलो की जमीन जवळ येतेय हे विसरलो.

परत गेलो, ती पातळी पुन्हा दिली, पास झालो. मग सतराव्या उडीला पॅराशूट उघडलं, पण दोऱ्यांना पीळ पडलेला. वर पाहिलं तर कापड चांगलं फुगलंय, आणि दोऱ्या वेणीसारख्या गुंफलेल्या. असा पीळ बऱ्याचदा सुटतो. वरच्या पट्ट्या हातांनी फाकवायच्या आणि सायकल चालवल्यासारखे पाय मारायचे. पण आमच्यासाठी एक आकडा ठरलेला आहे : 2,500 फूट. तोवर सुटलं नाही तर आणखी झटापट करायची नाही. लाल ओढायची, चंदेरी ओढायची. हा आकडा जमिनीवर ठरवतात, कारण हवेत मन म्हणतं, 'अजून थोडं, आता सुटेलच.' अपघातांच्या अहवालांत ही ओळखीची गोष्ट आहे : माणूस बिघडलेल्या पॅराशूटशी फार खालीपर्यंत झगडत राहतो आणि राखीव पॅराशूटला उघडायला उंचीच उरत नाही.

मी मोठ्याने आकडे म्हणत पाय मारत होतो. 3,600. 3,400. 3,200. तीन हजारांच्या जरा वर पीळ सुटला. लाल मूठ ओढावी लागली नाही. पण ती ओढायची माझी तयारी होती, आणि म्हणूनच हात थरथरले नाहीत.

एका मित्राने नंतर विचारलं, "त्या वेळी देवाचं नाव घेतलंस का?" खरं सांगतो, नाही आलं तोंडात. जे शंभरदा घोटलं होतं तेच आलं. नामही रोज घोटल्याशिवाय ऐनवेळी ओठांवर येत नसावं. तेव्हापासून सकाळची माळ मी चुकवत नाही.

आमच्या पाठीवर एक छोटं यंत्रही असतं. माणूस बेशुद्ध पडला आणि वेगाने खाली जात राहिला, तर जमिनीपासून सुमारे हजार फुटांच्या आत ते राखीव पॅराशूट आपणहून उघडतं. 1991 मध्ये 'सायप्रेस' नावाचं असं यंत्र आलं आणि त्याने अनेक जीव वाचवले. तरी पहिल्याच दिवशी शिकवतात : ते नाहीच असं समजून वागा. मला हे कृपेबद्दलही खरं वाटतं. कृपा आहे, म्हणून अभ्यास सोडायचा नसतो.

पंचविसावी उडी झाली. कपाळावर शिक्का मारून घेतला. तिथे अशा वेळी सगळ्यांना बिअर पाजायची पद्धत आहे, मी इंडियन स्टोअरमधून पेढे नेले. तेही संपले.

पण हे लिहायचं कारण वेगळं आहे. गावच्या घराच्या वाटणीवरून दादाशी माझा दीड वर्ष अबोला होता. माळ्यावरच्या एका खोलीचा प्रश्न. कागदपत्रं, व्हॉट्सअ‍ॅपवरची पल्लेदार उत्तरं, सगळं चालू होतं. पीळ सुटेलच असं वाटत होतं आणि जमीन जवळ येत होती; आईचं वय आता बहात्तर. त्या उडीनंतर मी आकडा ठरवला : दिवाळीपर्यंत. नाही सुटलं तर खोलीवरचा हक्क सोडायचा.

नाही सुटलं. पाडव्याला मी फोन केला आणि म्हटलं, "दादा, खोली तुझी." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "जेवलास का?"

वैराग्य म्हणजे सगळं टाकून देणं नव्हे, असं मला आता वाटतं. काय सोडायचं आणि कधी, हे शांत असताना ठरवून ठेवणं, आणि ती वेळ आली की हात मागे न घेणं. त्यासाठी अभ्यास लागतो, म्हणून भगवंतांनी दोन्ही एका दमात सांगितलं असावं.

आजचा अभ्यास : तुम्ही कशाशी 'अजून थोडं' म्हणत झगडताय? आज रात्री शांत बसून त्याचा आकडा एका कागदावर लिहा.

हे नारायणा, धरायचं ते धरण्याचं बळ दे, आणि सोडायचं ते वेळेत सोडण्याचंही.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥