पिंजऱ्यात उतरण्याआधी कागद घरी आणा

कुंभार पिंपळगाव, तीर्थपुरी, घनसावंगी या पट्ट्यातल्या पोरांच्या मोबाइलवर आता जत्रेतल्या कुस्त्यांपेक्षा पिंजऱ्यातल्या लढती जास्त दिसतात. कान मोडलेली, मान रुंद झालेली, तालमीत दोन-चार वर्षे घातलेली मुलं एमएमएकडे, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सकडे, ओढली जातात, आणि त्यांना शोधत फिरणारी माणसंही आता तालुक्यापर्यंत पोचली आहेत. आमच्या घरातला मुलगा त्याच वाटेने गेला. करारावर सही झाली, गुडघा गेला, आणि ज्यांनी सही घेतली होती त्यांनी त्याच कराराचं एक कलम आमच्यापुढे धरलं. झालं-गेलं सगळं उगाळत बसणार नाही, त्या मंडळींचं नावही घेणार नाही. पण पुढच्या घराच्या उपयोगी पडेल ते सांगणार आहे, आणि सांगताना मनात राग आहे हे लपवणार नाही. माझं म्हणणं एकच आहे. ठोसा आणि लाथ हा या धंद्यातला धाकटा धोका आहे. थोरला धोका करारात असतो. दुखापत, उपचार, रिकामे महिने, वाया गेलेलं वय, हे सगळं नुकसान लढणाऱ्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या अंगावर पडेल अशीच त्याची रचना असते, आणि ती सही करण्याआधीच तयार असते.

कुस्तीत तरी वेगळं काय होतं, असं लोक विचारतात. त्यांना खाशाबा जाधवांचं उदाहरण हमखास आठवतं. 1952 साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा हा गोळेश्वरचा मल्ल पोलीस खात्यात वर्षानुवर्षे उपेक्षित राहिला, 1984 मध्ये अपघातात गेला आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. हे खरं आहे आणि लाजिरवाणं आहे. पण त्याच गोष्टीचा दुसरा भाग का विसरायचा? हेलसिंकीच्या खर्चासाठी गावाने वर्गणी काढली आणि कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण टाकलं. कुस्तीने पैलवानाला श्रीमंत केलं नाही, पण त्याच्या मागे कुणीतरी उभं राहील अशी सोय शंभर वर्षांत तयार झाली: वस्ताद, तालीम, गावकी, जत्रेतला इनाम, आणि अलीकडे नोकरी. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला, तो पुढे पोलीस उपअधीक्षक झाला. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला विजय चौधरीही उपअधीक्षक झाला. 2018 ची महाराष्ट्र केसरी आपल्या जालन्यातच भरली होती. बाला रफिक शेखने अभिजित कटकेला हरवून गदा उचलली ती आपल्या जिल्ह्याच्या मातीत, आणि ती पाहायला आलेल्या किती मुलांनी दुसऱ्या दिवशी लंगोट कसला असेल! व्यावसायिक एमएमएमध्ये असं पाठबळ नाही. आजवर ऑलिंपिकमध्ये हा खेळ खेळला गेलेला नाही. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते, आणि खाजगी कंपनीच्या लढतीत मिळालेला पट्टा तिथे चालत नाही. 'पदक मिळालं की नोकरी' असं कुणी सांगत असेल, तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन ते लेखी विचारा. पैसे त्यानंतर भरा.

तिकडे अमेरिकेत करोडो मिळतात, हा पुढचा मुद्दा. यूएफसीची पहिली स्पर्धा 1993 मध्ये डेन्वरला झाली आणि आज यूएफसी ही या खेळातली जगातली सर्वांत मोठी कंपनी आहे. पण तिथेही लढवय्या नोकर नसतो, स्वतंत्र कंत्राटदार असतो. पगार नाही, निवृत्तिवेतन नाही. नवख्याला उतरण्याचे ठराविक पैसे आणि जिंकल्यास साधारण तेवढेच आणखी, अशी रीत आहे. म्हणजे पंचांचा एक निकाल विरुद्ध गेला की कमाई निम्म्यावर येते. प्रशिक्षक, व्यवस्थापक, कर आणि सरावाचा खर्च त्यातूनच भागवायचा. 2014 मध्ये तिथल्या लढवय्यांनी कंपनीवर खटला भरला. मक्तेदारीच्या जोरावर आमची किंमत पाडली, असं त्यांचं म्हणणं होतं. अमेरिकेतल्या मोठ्या सांघिक खेळांत उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो. यूएफसीत तो एक पंचमांशाच्या आसपास किंवा त्याहून कमी होता, हे त्या खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. शेवटी 37.5 कोटी डॉलरची तडजोड झाली आणि 2025 मध्ये न्यायालयाने तिला मंजुरी दिली. ज्या देशात वकील, माध्यमं आणि प्रेक्षक सगळं आहे, तिथे आपला वाटा मागायला दहा वर्षे लागली. घनसावंगी तालुक्यातल्या मुलाने कुणाच्या जोरावर मागायचा? आपल्याकडे 2012 मध्ये राज कुंद्रा आणि संजय दत्त यांनी सुपर फाइट लीग सुरू केली. गाजावाजा मोठा झाला, काही वर्षे चालली आणि थांबली. 2019 पासून टायगर श्रॉफच्या कुटुंबाची मॅट्रिक्स फाइट नाइट सुरू आहे. स्पर्धा येतात, जातात. मुलाचं वय मात्र परत येत नाही.

आता करार. माझा खरा राग इथे आहे, म्हणून इथे थोडा रेंगाळणार आहे. सही घेईपर्यंत ही माणसं घरात जेवायला बसतात, आईला 'ताई' म्हणतात, मुलाच्या पाठीवर हात ठेवतात, 'हा आपलाच पोरगा' म्हणतात. कागद इंग्रजीत असतो. 'फक्त फॉर्मॅलिटी आहे' हे वाक्य ठरलेलं. त्या कागदात काय असतं ते वाचा. मुलाने दुसरीकडे लढायचं नाही, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. त्याला वर्षात किमान किती लढती देणार, हे लिहिलेलं नसतं. दुखापत झाली तर कराराची मुदत तेवढ्या काळाने वाढते, म्हणजे गुडघा फुटल्याची शिक्षा पुन्हा त्यालाच. बक्षिसाचा हिस्सा व्यवस्थापकाला जातो, पण शस्त्रक्रियेच्या खर्चात त्याचा हिस्सा शून्य. वाद झाला तर तो दूरच्या शहरातल्या लवादापुढे चालणार, जिथे जाण्यायेण्याचं भाडंही आपल्याला परवडत नाही. आणि मुलगा जखमी झाला की सगळं बोलणं बदलतं. 'आपला पोरगा' एकदम 'अॅथलीट' होतो, फोन उचलणारा माणूस बदलतो, आणि उत्तर एकच येतं: 'कलम वाचा.' घरात जेवलेल्या माणसाने असं बोलावं, याची चीड अजून जात नाही. त्या क्षणी जे कळतं ते कुठलाही प्रशिक्षक शिकवत नाही: आपल्याकडे मुलगा होता, त्यांच्याकडे करार.

यावर 'सही केली ना, मग भोगा' असं म्हणणारे पुष्कळ आहेत. कायदा इतकं सरळ म्हणत नाही. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याच्या कलम 11 नुसार अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही, म्हणून अठरा पूर्ण न झालेल्या मुलाच्या सहीवर कुणी हक्क सांगत असेल तर घाबरू नका. कलम 27 नुसार कुणाचा व्यवसाय रोखणारा करार त्या मर्यादेपुरता निरर्थक ठरतो. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचा खटला यासाठी वाचण्यासारखा आहे. त्याचा व्यवस्थापन कंपनीशी असलेला करार 2003 मध्ये संपला. तरी नव्या कंपनीकडे जाण्याआधी पहिली संधी आम्हालाच द्यायला हवी, असं जुनी कंपनी म्हणत होती. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये सांगितलं की मुदत संपल्यानंतरही खेळाडूला बांधून ठेवणारी अशी अट चालणार नाही. पण यातली मर्यादाही समजून घ्या. कराराच्या मुदतीत घातलेलं बंधन न्यायालयं सहसा मोडत नाहीत. म्हणून मुदत हीच सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. पाच वर्षांची मुदत म्हणजे मुलाच्या ताकदीचा निम्मा काळ. वर्षाला किमान किती लढती ते लिहून घ्या, आणि तेवढ्या दिल्या नाहीत तर करार आपोआप संपेल हेही लिहून घ्या. घरच्या कुणीही हमीदार म्हणून सही करू नये.

तालमीतून जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट खास सांगण्याजोगी आहे, कारण कुस्तीवाल्यालाच ती नडते. कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपला, म्हणून पैलवान खाली गेला की पालथा होतो. ही सवय हाडात मुरलेली असते. पिंजऱ्यात पालथं होणं म्हणजे समोरच्याला पाठीवर बसू देणं, आणि तिथून त्याचा हात गळ्याभोवती येतो. पट काढताना डोकं बाहेर आणि मान खाली राहिली की समोरचा तीच मान काखेत पकडून आवळतो. भरत खंडारे हा यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय, तोही कुस्तीतून आलेला. नोव्हेंबर 2017 मध्ये शांघायला चीनच्या साँग यादाँगने त्याला पहिल्याच फेरीत मानेच्या अशाच पकडीत हरवलं. त्याच्या हिमतीबद्दल मला आदरच आहे, पहिली वाट त्याने पाडली. मुद्दा असा की दुहेरी पट उत्तम येतो म्हणजे एमएमए येतो, हे मुलाला सांगणारा माणूस त्याला फसवतो आहे. पाठीवर पडून लढायला शिकवणारा, म्हणजे जुजुत्सू जाणणारा प्रशिक्षक तिथे आहे का, हे आधी बघा. सहा महिन्यांत व्यावसायिक लढत लावून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

शरीराच्या बाबतीत आपल्याकडे 'सहन केलं पाहिजे' हा एकच मंत्र आहे आणि तो घातक आहे. वजन उतरवण्यासाठी पाणी तोडणं हे पैलवानाला नवीन नाही. पण 1997 मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर महिनाभराच्या अंतराने याच प्रकारात मेले, आणि तिथले नियम बदलले. डिसेंबर 2015 मध्ये चीनचा यांग जियानबिंग हा 21 वर्षांचा लढवय्या वन चॅम्पियनशिपच्या लढतीआधी वजन उतरवताना गेला. त्यानंतर त्या कंपनीने पाणी तोडून वजन कमी करण्यावर बंदी घातली. डोक्याच्या माराबद्दल तर शंका उरलेलीच नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने 2011 पासून व्यावसायिक लढवय्यांच्या मेंदूचा अभ्यास चालवला आहे. जितक्या जास्त लढती, तितका मेंदूचा काही भाग आक्रसलेला आणि विचाराचा वेग मंदावलेला, असं त्यात दिसलं. म्हणून लढतीच्या ठिकाणी डॉक्टर आणि रुग्णवाहिका आहे का, बेशुद्ध पडल्यावर किती दिवस सराव बंद ठेवणार, हे विचारायला लाजू नका. दुखापतीचा विमा कोण काढणार तेही विचारा, कारण बहुतेक आरोग्य विम्यांत व्यावसायिक म्हणून धोकादायक खेळ खेळताना झालेली इजा वगळलेली असते. नीट खा, नीट झोपा, व्यसन करू नका, हे तर आहेच.

घरच्या आयुष्याचं कुणीच बोलत नाही. लढतीचं बोलावणं कधी येईल याचा नेम नाही, म्हणून पेरणी असो की बहिणीचं लग्न, मुलगा शहरात अडकलेला. खुराकाचा खर्च दर महिन्याला, बक्षीस कधीतरी. स्थळ बघायला गेलं की पहिला प्रश्न 'मुलगा काय करतो?' आणि उत्तराला मोबाइलवरची चित्रफीत दाखवायची. तिशीत शरीर थकल्यावर हातात ना नोकरी, ना पदवी, आणि डोकं सारखं दुखणारं, चिडचिडं. त्या चिडचिडीचा हिशेब बायको-मुलांनी द्यायचा. घरी राहून मोसंबीची बाग करणाऱ्या भावाला तोपर्यंत निदान सातबारा तरी असतो.

शेतीत तरी कुठे हमी आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. दुष्काळात बागा वाळलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. पण शेत बुडालं तर पुढचा हंगाम येतो, मेंदूला तशी सवलत नाही. दुसरा आक्षेप पूजा तोमरच्या उदाहरणाचा. मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या बुढाण्याची ही मुलगी 8 जून 2024 रोजी यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय ठरली. गावातून जाता येतं हे तिने दाखवलं, आणि तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण तो निकालही तीनपैकी दोन पंचांच्या कौलावर लागला. उत्तराखंडचा अंशुल जुबली 2023 मध्ये यूएफसीचीच आशियाई पात्रता स्पर्धा जिंकून तिथे पोचला, आणि पुढच्या दोन्ही लढती हरला. एवढ्या गुणी मुलांची ही स्थिती असेल, तर कुणाच्या तरी शब्दावर घर सोडणाऱ्या पोराचं काय होणार? 'शरीर त्याचं, निर्णय त्याचा' हेही मी नाकारत नाही. त्याला लढायचं असेल तर लढू द्या. पण निर्णय त्याचा असेल तर करारही त्याला कळणाऱ्या भाषेत हवा. आणि तुम्ही पोळलात म्हणून बोलता, असं कुणी म्हणालं तर हो, पोळलो म्हणूनच बोलतो. ज्यांचं काही गेलं नाही ते तर अजून हार घालून फोटो काढत आहेत.

मुलगा पदवी पूर्ण करेपर्यंत व्यावसायिक सही करू नका, तोवर हौशी स्पर्धा खेळू द्या. ज्याच्याकडे पाठवणार त्याच्याकडे आधी जखमी झालेल्या एका तरी मुलाच्या घरी जाऊन या, जिंकलेल्या मुलाच्या घरी तर ते स्वतःच नेतात. करार मराठीत लिहून मागा, आठ दिवस घरी ठेवा, अंबड किंवा जालन्याच्या वकिलाला दाखवा, त्याची फी द्या. जो माणूस कागद घरी न्यायला देत नाही, त्याच्या हाती मुलगा देऊ नका.